कुलूप कोणत्या दाराला?

राजकीय हिंसाचाराशी जोडले गेलेले संकेतस्थळ किंवा ॲप तंत्रज्ञान कंपन्यांनी बंद पाडावे का, हा वाद दर दोन-तीन वर्षांनी नव्याने पेटतो आणि दर वेळी त्याच दोन वाक्यांवर येऊन अडतो. एक बाजू म्हणते, कंपनी खासगी आहे, तिने कोणाला ठेवायचे ते तिने ठरवावे. पटत नसेल त्याने दुसरीकडे जावे. दुसरी म्हणते, हा अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा गळा घोटणे आहे. दोन्ही वाक्ये सोयीची आहेत, कारण ती उच्चारली की तपशिलात जावे लागत नाही. कोणती कंपनी, तिचे काम काय, तिने ‘काढले’ म्हणजे नेमके काय केले, पुरावा कुठे गेला, तिथली माणसे पुढे कुठे गेली, यातले काहीही न विचारता ठणकावून मत देता येते.

माझे मत आधीच सांगतो. जिथे हिंसेची आखणी चालू आहे आणि चालक ती थांबवत नाही, तिथे कंपन्यांनी हात झटकू नयेत, काढावे. पण हा अधिकार सगळ्या कंपन्यांना सारखा नसावा. वाचकाला दिसणाऱ्या मजकुराच्या जितके जवळ काम, तितका अधिकार मोठा. इंटरनेटच्या पायाकडे जावे तसा तो आकसत जावा, आणि डोमेनची नोंद ठेवणाऱ्यापाशी पोचेपर्यंत न्यायालयाच्या आदेशाशिवाय काही करण्याची मुभा उरू नये. काढण्यापूर्वी पुरावा सीलबंद करणे सक्तीचे हवे. जानेवारी २०२१ मध्ये अमेरिकेत पार्लर या समाजमाध्यमाच्या बाबतीत जे घडले त्यात यातले बरेच काही नशिबावर सोडलेले होते.

क्रम आठवून पाहा. ६ जानेवारीला ट्रम्प-समर्थकांचा जमाव वॉशिंग्टनच्या कॅपिटॉल इमारतीत, म्हणजे अमेरिकेच्या संसदेत, घुसला. ८ तारखेला गूगलने पार्लर प्ले स्टोअरवरून उतरवले. ॲपलने त्याच दिवशी २४ तासांची मुदत दिली आणि ९ तारखेला आपल्या दुकानातूनही ते उतरवले. ९ तारखेलाच ॲमेझॉनच्या क्लाउड विभागाचे, म्हणजे एडब्ल्यूएसचे पत्र गेले: गेल्या काही आठवड्यांत हिंसेला उघड चिथावणी देणाऱ्या ९८ नोंदी आम्ही तुमच्या नजरेस आणल्या, त्या आवरण्याची तुमची व्यवस्था पुरेशी नाही, तेव्हा १० तारखेला रात्री सेवा बंद. व्यवस्था खरोखरच तोकडी होती. तक्रार आलेल्या मजकुराचा निवाडा वापरकर्त्यांमधूनच नेमलेले पंच करत, आणि २६,००० तक्रारी तुंबल्याचे ॲमेझॉनने न्यायालयात मांडले. पार्लरने ११ तारखेला दावा लावला. २१ तारखेला न्यायाधीश बार्बरा रॉथस्टीन यांनी तातडीचा मनाईहुकूम नाकारला. तो निकाल मला चुकीचा वाटत नाही. कराराचा भंग पार्लरकडून झाला होता, आणि धमक्यांचा मजकूर आपल्या सर्व्हरवर ठेवण्याची सक्ती कोणावर करायची म्हटले तर त्याचे समर्थन कठीण आहे.

म्हणजे ‘कंपनी खासगी आहे’ हे कायद्याने खरे. अमेरिकी राज्यघटनेची पहिली दुरुस्ती सरकारला बांधते, ॲमेझॉनला नाही. पण कायद्याने करता येते एवढ्यावरून ते कसे करावे हे ठरत नाही. शिवाय ‘दुसरीकडे जा’ या सल्ल्याला काही अर्थ उरायचा तर दुसरीकडे जागा हवी. २०२१ साली आयफोनवर ॲप पोचवायला ॲपलच्या दुकानाखेरीज रस्ता नव्हता. पार्लर १५ फेब्रुवारीला दुसऱ्या सर्व्हरवर परतले, पण ॲपलच्या दुकानात यायला मे उजाडला आणि गूगलच्या दुकानात यायला सप्टेंबर २०२२. जर्मनीच्या तेव्हाच्या चॅन्सलर अँजेला मर्केल काही ट्रम्प यांच्या चाहत्या नव्हत्या. तरी त्याच आठवड्यात ट्विटरने ट्रम्प यांचे खाते कायमचे बंद केले तेव्हा त्यांच्या प्रवक्त्याने ते अडचणीचे ठरवले. त्यांचा आक्षेप बंदीपेक्षा ती कंपनीच्या प्रमुखांच्या मर्जीने झाली याला होता. अशा मर्यादा कायद्याने घालाव्यात, असे त्यांचे म्हणणे होते.

आता यंत्रणेकडे. एखादे संकेतस्थळ उघडताना मागे निदान चार-पाच जणांचे काम चालते. रजिस्ट्रारकडे डोमेन नावाची नोंद असते. नावावरून सर्व्हरचा आकडी पत्ता डीएनएस शोधून देते. बऱ्याच संकेतस्थळांच्या पुढे क्लाउडफ्लेअरसारखी ढाल असते. ती खोट्या विनंत्यांचा मारा झेलते आणि खरा सर्व्हर झाकून ठेवते. मग तो सर्व्हर भाड्याने देणारा. मोबाइलवर ॲप स्टोअर, आणि पैसे गोळा करायचे असतील तर पेमेंट कंपनी. यातल्या प्रत्येकाने नकार दिला की वेगळे काहीतरी मोडते. स्टोअरने काढले तर ब्राउझरमधून संकेतस्थळ चालू राहते. सर्व्हरवाल्याने काढले तर सगळा डेटा दुसरीकडे हलवावा लागतो. त्याच कंपनीच्या खास सेवांवर सारे बेतलेले असेल तर त्यात आठवडे जातात. ढाल काढली तर कंपनीने तांत्रिकदृष्ट्या काहीच बंद केलेले नसते, पण तासाभरात कोणीतरी अनामिक मारा करून ते पाडतो. म्हणजे निवाडा कंपनीने द्यायचा आणि अंमलबजावणी गुंडांनी करायची. रजिस्ट्रारने डोमेनवर ‘क्लायंट होल्ड’ लावला तर नावच डीएनएसमधून गळते, आणि त्याबरोबर त्या नावावरचे ईमेल, मदतीची पाने, निरुपद्रवी लोकांच्या लाखो नोंदी, सगळेच.

पार्लर स्वतः एक नोंद काढू शकत होते. ॲमेझॉनला तसे करता येत नव्हते. पत्र लिहायचे किंवा सर्व्हर बंद करायचा, एवढेच तिच्या हाती होते. रजिस्ट्रारच्या हाती तर चालू आणि बंद असे एकच बटण असते. मग ज्याला बारीक काप घेता येतो त्याला सोडून सरसकट तोडणाऱ्याकडे आपण पहिली मागणी का घेऊन जातो? कारण उघड आहे. तो लवकर ऐकतो. एका संकेतस्थळाच्या भाड्यापेक्षा त्याला स्वतःची अब्रू महाग असते.

महाराष्ट्राला हा डाव नवा नाही. २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँडवर गोळी झाडली गेली. त्याच्या आठवडाभर आधी, १५ जूनच्या ‘केसरी’त शिवाजी उत्सवातील भाषणांचा वृत्तांत आणि एक कविता आली होती. सांगड घालायला एवढे पुरले. टिळकांवर खुनाचा आरोप नव्हता, राजद्रोहाचा होता. न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी ‘अप्रीती’ म्हणजे प्रीतीचा अभाव असा अर्थ लावून दिला आणि ज्युरीने सहा विरुद्ध तीन मतांनी दोषी ठरवले. शिक्षा १८ महिने. त्या खटल्यात दुसरे एक आरोपी होते, त्यांची आठवण फारशी निघत नाही: छापखान्याचे केशव महादेव बाळ. ते सुटले. पण छापखान्याकडे बोट दाखवता येते हे सरकारने लक्षात ठेवले. मुझफ्फरपूरच्या बॉम्बनंतर ८ जून १९०८ ला जो कायदा झाला त्याने चिथावणीच्या मजकुरासाठी छापखानाच जप्त करण्याची सोय केली. दुसऱ्या दिवशीच्या ‘केसरी’चा अग्रलेख त्यावर होता, आणि टिळकांच्या सहा वर्षांच्या शिक्षेला जे लेख कारण झाले त्यात तोही होता. पुढे १९१० च्या कायद्याने छापखानेवाल्यांकडून जामीन मागायला सुरुवात केली. नव्या छापखान्याला ५०० ते २,००० रुपये. लेखकाला पकडा, खटला चालवा, ज्युरीपुढे उभे करा, ही सगळी यातायात वाचली. छापखानेवाला स्वतःच खिळे जुळवण्याआधी मजकूर वाचू लागला. शि. म. परांजपे यांचा ‘काळ’ याच जामिनाच्या तडाख्यात बंद पडला.

यावर कोणी म्हणेल, परकी सरकार आणि आजची कंपनी यांची तुलना होत नाही. बरोबर आहे, ॲमेझॉनने कोणाला मंडालेला पाठवले नाही, आणि पार्लरला दुसऱ्या दिवशी दावा लावायला कोणाची आडकाठी नव्हती. टिळकांचे लेख आणि ‘अमक्याला फासावर द्या’ अशी पोस्ट एका पारड्यात घालण्याचाही माझा हेतू नाही. तुलना फक्त यंत्रणेची आहे. मजकुराशी ज्याचा संबंध नाही अशा मधल्या माणसाला धोक्यात टाकले की तो कोणत्याही न्यायाधीशापेक्षा जास्त कडक होतो, आणि त्याच्या निर्णयावर अपील नसते. ‘हिंसेशी संबंध’ हा शब्दप्रयोग १८९७ साली जेवढा ताणला गेला त्याहून आज कमी ताणला जाईल, अशी खात्री कोण देतो?

विरोधी बाजूचा सर्वांत भारी मुद्दा मात्र याने खोडला जात नाही. न्यायालयाची वाट पाहायची म्हणजे माणसे मरू द्यायची. रवांडात १९९४ च्या एप्रिलपासून आरटीएलएम हे नभोवाणी केंद्र तुत्सी जमातीच्या लोकांची नावे, ते लपल्याची ठिकाणे, गाड्यांचे क्रमांक वाचून दाखवत होते. ते प्रक्षेपण जाम करण्याची मागणी अमेरिकेकडे आली. मे महिन्यात पेंटागॉनच्या टिपणाने ती फेटाळली. कारणे दिली ती आंतरराष्ट्रीय कायद्याची आणि खर्चाची: विमानाला ताशी सुमारे ८,५०० डॉलर. शंभर दिवसांत लाखो माणसे मारली गेली. केंद्रामागच्या माणसांना आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने दोषी ठरवले ते डिसेंबर २००३ मध्ये. हे वाचूनही ‘सगळे कोर्टावर सोडा’ म्हणणाऱ्याचे काळीज दगडाचे असले पाहिजे.

इंटरनेटवरचे उदाहरण एटचॅन या अनामिक चर्चामंचाचे. २०१९ मध्ये ख्राइस्टचर्च, पोवे आणि एल पासो या तिन्ही हल्ल्यांतल्या मारेकऱ्यांचे लेखन तिथे आले. चालक ढिम्म. एल पासोनंतर दोन दिवसांत, ५ ऑगस्टला, क्लाउडफ्लेअरने ढाल काढून घेतली. याच कंपनीचे प्रमुख मॅथ्यू प्रिन्स यांनी दोन वर्षांपूर्वी, शार्लट्सव्हिलच्या गोऱ्या वर्चस्ववाद्यांच्या मेळाव्यातल्या हिंसेनंतर, डेली स्टॉर्मर हे नवनाझी संकेतस्थळ काढताना आपल्याच कर्मचाऱ्यांना लिहिले होते की सकाळी माझे डोके फिरलेले होते आणि मी त्यांना इंटरनेटवरून हाकलायचे ठरवले; एवढी सत्ता कोणाच्या हाती असू नये. २०२२ मध्ये किवी फार्म्स या माणसांचा पिच्छा पुरवून छळणाऱ्या मंचाच्या वेळी कंपनीने ३१ ऑगस्टला अशा बंदीच्या विरोधात सविस्तर भूमिका मांडली आणि ३ सप्टेंबरला बंदी घातली. तीन दिवसांत धोका वाढला असे कारण दिले. तो वाढलाही असेल. पण लिहिलेला नियम तीन दिवस टिकत नसेल तर त्याला नियम कशाला म्हणायचे?

रवांडा आणि ‘केसरी’ ही दोन टोके शेजारी ठेवली की तातडीची कसोटी हाती लागते. माणूस, जागा, वेळ. कोणाला, कुठे, कधी मारायचे हे मजकुरात असेल, किंवा हल्ला चालू असताना त्याचे प्रक्षेपण असेल, तर कोणत्याही थराच्या कंपनीने ते ताबडतोब रोखावे. अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने १९६९ च्या ब्रँडेनबर्ग खटल्यात सरकारसाठी आखलेली रेघ, तत्काळ बेकायदा कृत्याची चिथावणी आणि ते घडण्याचा संभव, याच्याच आसपास जाते. मात्र ढाल, सर्व्हर, डोमेन या पातळीवरची रोख तात्पुरती असावी. ७२ तास म्हणा. तेवढ्यात कंपनीने किंवा पोलिसांनी न्यायालयात जावे. गेले नाहीत तर सेवा आपोआप पूर्ववत. विचारसरणी घातक आहे, भाषा शिवराळ आहे, हल्लेखोर इथे येत असे, या कारणांसाठी मधल्या कंपन्यांनी हात लावू नये. त्यासाठी ते मंच स्वतः आहेत, आणि मंचाने ऐकले नाही तर ॲप स्टोअर आहेत. तिथेही नोंद-क्रमांकासह नोटीस आणि सात दिवस.

दुसरा आक्षेप निवडकपणाचा, आणि तो दोन्ही बाजूंना बोचायला हवा. कॅपिटॉल प्रकरणातल्या २२३ आरोपींची कागदपत्रे फोर्ब्सने तपासली तेव्हा फेसबुकचा उल्लेख ७३ मध्ये सापडला, यूट्यूबचा २४, इन्स्टाग्रामचा २० आणि पार्लरचा ८ मध्ये. फेसबुक किती मोठे आहे हे धरले तर हे आकडे पार्लरला निर्दोष ठरवत नाहीत. पण गूगल यूट्यूबला प्ले स्टोअरवरून उतरवेल अशी कल्पना तरी कोणी केली का? धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला १ जुलै २०१८ रोजी मुले पळवणाऱ्या टोळीच्या अफवेवरून पाच भिक्षेकऱ्यांना ठेचून मारले गेले. अफवा व्हॉट्सॲपवरून फिरली होती. व्हॉट्सॲप बंद झाले नाही, ते योग्यच झाले. त्याच महिन्यात भारतात एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवण्याची मर्यादा आली; २०२० मध्ये वारंवार पुढे गेलेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येऊ लागला आणि असे संदेश ७० टक्क्यांनी घटल्याचे कंपनीने सांगितले. काढणे आणि काहीच न करणे यांच्या मध्ये केवढी जागा आहे ते इथे दिसते: पुढे पाठवण्याला मर्यादा, शिफारशीतून वगळणे, थेट प्रक्षेपण रोखणे, नव्या खात्यांना गट काढू न देणे. मोठ्यांना या सगळ्या पायऱ्या मिळतात, लहानांना थेट कडेलोट.

काढल्याने फायदा होतो का? होतो, पण सांगतात तेवढा सरळ नाही. रेडिटने २०१५ मध्ये द्वेषाचे काही गट बंद केले. त्यातले बरेच सदस्य रेडिट सोडून गेले आणि उरलेल्यांची द्वेषाची भाषा किमान ८० टक्क्यांनी कमी झाल्याचे अभ्यासात दिसले. उलट रेडिटवरचा ट्रम्प-समर्थकांचा ‘द डोनाल्ड’ गट आवळला गेला तसे त्यांनी स्वतःचे संकेतस्थळ उभारले. तिथे माणसे कमी आली पण भाषा आणखी जहाल झाली, आणि डिसेंबर २०२० मध्ये कॅपिटॉलला कसे घुसायचे याची चर्चा तिथे उघड चालली होती. पार्लर बंद झाल्यानंतर त्याच्या वापरकर्त्यांचा अशा आडबाजूच्या मंचांवरचा वावर एकूणात घटला नाही, असेही पुढच्या अभ्यासात निघाले. यातून मी असा अर्थ काढतो: गर्दी जमवायला हजारो लागतात, कट करायला दहा पुरतात. बंदीने गर्दी विरळ होते. कटवाले हलतात आणि पोलिसांच्या नजरेआड जातात.

म्हणूनच पुराव्याला मी इतके महत्त्व देतो. पार्लर बंद होण्याच्या आधीच्या काही तासांत बाहेरच्या हौशी तंत्रज्ञांनी त्यातला प्रचंड मजकूर उतरवून घेतला. जमले, कारण पार्लरची बांधणी गचाळ होती. नोंदींचे क्रमांक ओळीने होते, म्हणजे एक मिळाला की पुढचा ठाऊक. त्या खेचायला लॉगिन लागत नव्हते. ‘काढून टाकलेल्या’ नोंदी फक्त लपवलेल्या होत्या. आणि व्हिडिओतली जीपीएसची माहिती पुसलेली नव्हती. कोण किती वाजता इमारतीच्या कोणत्या बाजूला होता, हे त्यावरून मांडता आले, आणि ट्रम्प यांच्यावरच्या दुसऱ्या महाभियोगात पार्लरवरचे व्हिडिओ दाखवले गेले. ॲमेझॉनने डेटा जपून ठेवू असे पत्रात म्हटले होते, पण ते पार्लरला हलवता यावा म्हणून. बांधणी नीट असती तर? म्यानमारमध्ये फेसबुकने ऑगस्ट २०१८ मध्ये लष्कराशी संबंधित १८ खाती आणि ५२ पाने काढली. सेनाप्रमुख मिन आँग हलाइंग त्यात होते. काढायला उशीरच झाला होता. पण रोहिंग्यांच्या वंशसंहाराचा खटला लढणाऱ्या गांबियाने तोच काढलेला मजकूर मागितला तेव्हा कंपनीने खासगीपणाच्या कायद्यावर बोट ठेवून विरोध केला आणि प्रकरण वॉशिंग्टनच्या न्यायालयात गेले.

मग निर्णय सरकारकडे द्यावा का? आपल्याकडे या प्रश्नाचे उत्तर देताना जरा दबकायला हवे. बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदबद्दल एकीने फेसबुकवर लिहिले आणि दुसरीने ते लाइक केले म्हणून नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरच्या दोन तरुणींना अटक झाली. त्यातून उभ्या राहिलेल्या श्रेया सिंघल खटल्यात २०१५ साली माहिती तंत्रज्ञान कायद्याचे, आक्षेपार्ह ऑनलाइन मजकुराला गुन्हा ठरवणारे कलम ६६अ गेले. त्याच निकालाने सांगितले की कंपनीला मजकुराची ‘प्रत्यक्ष माहिती’ झाली असे धरायचे ते न्यायालयाचा आदेश किंवा सरकारची अधिसूचना आल्यावरच. त्याच कायद्याच्या कलम ६९अ खालचे, मजकूर रोखण्याचे सरकारी आदेश मात्र २००९ च्या नियमांतल्या १६ व्या नियमाने गोपनीय असतात. नेपाळ सरकारने सप्टेंबर २०२५ मध्ये नोंदणी केली नाही म्हणून २६ समाजमाध्यमे एकदम बंद केली आणि हिंसा थांबायच्या ऐवजी रस्त्यावर उतरली. कंपनीची लहर जाऊन मंत्र्याची लहर आली तर त्यात कमाई कसली? आदेश न्यायालयाचा हवा, कारणांसह हवा आणि प्रसिद्ध झालेला हवा.

आपल्या २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांत कामाचे दोन तुकडे आहेत. काढलेला मजकूर तपासासाठी १८० दिवस जपावा लागतो. आणि ५० लाखांहून अधिक नोंदणीकृत वापरकर्ते असलेल्या समाजमाध्यमाने स्वतःहून काही काढताना ज्याचे काढले त्याला आधी कारण कळवून म्हणणे मांडण्याची संधी द्यावी लागते. पण हा दुसरा तुकडा समाजमाध्यमापुरता आहे. ॲप स्टोअर, क्लाउड, ढाल आणि रजिस्ट्रार यांनी एखादे संकेतस्थळ सबंध बंद केले तर त्याला कारण देण्याचे असे बंधन त्यांच्यावर नाही, आणि १८० दिवसांचा नियम लिहिताना एखादी नोंद डोळ्यांपुढे होती, आख्खा मंच नव्हे. तो जपायचा खर्च कोणी करायचा, चावी कोणाकडे राहील, परदेशी सर्व्हरवरची प्रत भारतीय न्यायालयापुढे किती दिवसांत यावी, हे पुढच्या दुरुस्तीत लिहिता येण्याजोगे आहे.